पावसाच्या मुलखातला वाळवंटी निवडुंग

कोल्हापूर जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायला गाडीने तीनेक तास पुरतात. तेवढ्या वाटेत गगनबावड्याचा वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या घरातला पाऊस मागे पडतो, शहराजवळ तो १००० च्या आसपास येतो आणि शिरोळच्या बाजूला ५००-६०० वर उतरतो. मेक्सिकोच्या ज्या चिवावा वाळवंटातून शोभेच्या निवडुंगांच्या कित्येक जाती जगभर गेल्या, तिथे वर्षभरात साधारण २५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य ही नक्षत्रे, मनाजोगती लागली की एवढे पाणी शहरातसुद्धा महिन्याभरात पडून जाते.

अशा हवेत वाळवंटातले झाड लावायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हेच या पुस्तकाचे मूळ आहे. चिवावाच्या पठारावरही पाऊस येतो तो मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत. त्याआधी कडक उन्हाळा, त्यानंतर कोरडा हिवाळा. हे वेळापत्रक आपल्या ओळखीचे आहे. लंडनच्या किंवा हॅम्बुर्गच्या माणसाला निवडुंग सांभाळताना झगडावे लागते ते अंधाऱ्या, गोठवणाऱ्या हिवाळ्याशी. त्याला काचघर लागते, उष्णता पुरवावी लागते. कोल्हापूरकराला निवडुंगाजोगा हिवाळा घरबसल्या मिळतो. दिवसा लख्ख ऊन, रात्री १४-१५ अंशांपर्यंत उतरणारा गारवा आणि हवा कोरडी. ऋतूंचा क्रम जुळतो, पावसाचे माप तेवढे जुळत नाही. ते चार महिन्यांचे माप सांभाळता आले, तर कोल्हापूर हे निवडुंगासाठी सोलापूरपेक्षाही बरे गाव आहे, असे माझे ठाम मत आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्या राहतात आणि पुष्कळ जाती त्या दिवसांत वाढ थांबवून बसून राहतात. आपल्याकडे पारा सहसा ३७-३८ च्या आसपास थांबतो आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो.

आधी या घराण्याची ओळख करून घेऊ. कॅक्टेसी कुळात साधारण १७५० जाती मानल्या जातात. ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा ही झाडांवरून लोंबणारी जात आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेतही आपसूक सापडते. ती एक सोडली तर साऱ्या कुळाचे मूळ घर अमेरिका खंडात आहे, उत्तरेला कॅनडापासून दक्षिणेला पाटागोनियापर्यंत. या झाडांनी पाने जवळजवळ टाकून दिली आणि अन्न करण्याचे काम हिरव्या खोडावर सोपवले. श्वासरंध्रे ती रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन उन्हात त्याचे अन्न करतात. गार रात्र त्यांना का मानवते, याचे कारण इथे आहे.

निवडुंग कुळाची पक्की खूण काटे ही नव्हे. काटे गुलाबालाही असतात आणि बोरीलाही. खूण आहे ती काट्याच्या बुडाशी असलेल्या लोकरीसारख्या छोट्या गादीची. तिला अ‍ॅरिओल म्हणतात. काटे, कळ्या, फांद्या आणि पिल्ले, सगळे त्या गादीतूनच निघते. बांधावरचा त्रिधारी निवडुंग, साबर किंवा शेर यांच्यावर ही गादी शोधून पाहावी. ती मिळत नाही. फांदी मोडली की त्यांतून पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. ही मंडळी युफोर्बिया वंशातली, म्हणजे एरंडाच्या कुळातली आहेत. लाल बोंडांचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस आहे. तो अमेरिकेतून आला आणि आपल्या माळावर असा रुजला की तो परका आहे हे आता सांगूनही कुणाला पटत नाही.

आणखी एक निवडुंग कोल्हापुरातल्या शेकडो घरांत आहे, पण त्याला निवडुंग म्हणून कुणी ओळखत नाही. तो म्हणजे आपल्या अंगणातले ब्रह्मकमळ, शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम. हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचे काही नाते नाही. पावसाळ्यात एका रात्री त्याला आठ-दहा फुले येतात, आळीतली माणसे ती बघायला जमतात आणि पहाटेपर्यंत सगळी माना टाकतात. हा मध्य अमेरिकेच्या दमट जंगलांतला, झाडांच्या खोडांवर वाढणारा निवडुंग. आपला पावसाळा त्याला फार मानवतो, त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही तरी तो फुलतो. पुष्कळांची पुढची फसगत इथून सुरू होते. ब्रह्मकमळाला जे चालले ते गोल, काटेरी, वाळवंटी निवडुंगालाही चालेल असे समजून त्याची कुंडी शेजारी ठेवली जाते. श्रावण संपेपर्यंत ती आतून पाणी होते.

युरोपला हे कुळ कोलंबसाच्या सफरींनंतर कळले. कार्ल लिनिअसने १७५३ मध्ये त्या वेळी ठाऊक असलेल्या साऱ्या निवडुंगांना कॅक्टस या एकाच वंशात बसवले. तेव्हा त्याच्यासमोर अवघ्या २२ जाती होत्या. पुढच्या शतकात जहाजे भरभरून झाडे युरोपात पोहोचली आणि नावांचा गोंधळ माजला. जर्मनीत कार्ल शूमानने १८९७ पासून त्यांची सविस्तर मांडणी केली. तिथल्याच निवडुंगप्रेमींनी १८९२ मध्ये आपली संस्था काढली होती. अमेरिकेत नॅथॅनियल ब्रिटन आणि जोसेफ रोझ यांचा ‘द कॅक्टेसी’ हा चार खंडांचा ग्रंथ १९१९ ते १९२३ या काळात निघाला. मेरी इटन यांनी त्यासाठी काढलेली रंगीत चित्रे आजही पाहत राहावीत अशी आहेत. त्यानंतर दोन तट पडले. कुर्ट बाकेबर्गने काट्याच्या आणि फुलाच्या लहान लहान फरकांवरून वंशांची संख्या वाढवत नेली. डेव्हिड हंट आणि त्याच्या विचाराच्या मंडळींनी ती पुन्हा आवळली. २००६ साली निघालेला ‘न्यू कॅक्टस लेक्सिकन’ हे आवळणाऱ्यांचे मोठे काम. आता डीएनएच्या तपासणीने दोघांच्याही काही मांडण्या मोडीत काढल्या आहेत.

हौशी माणसाला हा वाद दूरचा वाटेल, पण नर्सरीत पाऊल टाकताच तो समोर येतो. एकाच झाडावर एक नर्सरीवाला नोटोकॅक्टस लिहितो, दुसरा पारोडिया. लोबिविया आणि एकिनॉप्सिस यांच्या सीमा तर सतत बदलत राहिल्या. सोनेरी काट्यांचा मोठा गोळा, ज्याला सगळे गोल्डन बॅरल म्हणतात, तो शंभर वर्षांहून अधिक काळ एकिनोकॅक्टस होता आणि अलीकडे त्याला वेगळा वंश मिळाला. या पुस्तकात प्रत्येक झाडाचे आजचे नाव दिले आहे आणि शेजारी नर्सरीत चालणारे जुने नावही ठेवले आहे, कारण खरेदी त्याच नावाने होते.

वाढवण्याच्या बाबतीतही घराणी आहेत. युरोपीय घराणे झाड स्वतःच्या मुळांवर, शक्यतो बियांपासून, सावकाश वाढवते. झाड रानात कुठल्या टेकडीवरचे हे त्याच्या पाटीवर लिहिलेले असते. जपान आणि थायलंडच्या घराण्याचा जीव निवडीत आणि कलमात आहे. अ‍ॅस्ट्रोफायटमच्या अंगावरचे पांढरे ठिपके पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांनी असे नमुने तयार केले की रानातल्या मूळ झाडाशी त्यांचा मेळ लावणे अवघड जाते. जिम्नोकॅलिसियमचा लाल गोळा हीसुद्धा जपानचीच देणगी. त्याच्या अंगात हरितद्रव्यच नाही, म्हणून तो हिरव्या खुंटावर कलम करूनच जगतो. अमेरिकेतल्या घराण्याने निवडुंग जमिनीत लावून मोठमोठ्या बागा उभ्या केल्या. फिनिक्स शहरातले डेझर्ट बोटॅनिकल गार्डन १९३९ पासून आहे. आपल्या गच्चीवर या तिघांचे काही ना काही येते. कालिम्पाँगच्या नर्सऱ्यांतून कुरिअरने येणारी कलमे दुसऱ्या घराण्याची असतात आणि आपण ती वाचवायला बघतो पहिल्या घराण्याच्या पुस्तकांवरून.

भारतात निवडुंगाची गोष्ट सुरू होते ती रंगाच्या व्यापारापासून. फड्या निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनिअल किड्यापासून किरमिजी रंग मिळतो आणि त्या काळी तो फार मोलाचा होता. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आशेपोटी ब्राझीलहून हे किडे बंगालात आणले गेले. आणला गेलेला किडा मात्र हलक्या जातीचा निघाला. रंगाचा व्यापार काही उभा राहिला नाही, पण त्या किड्याने उत्तरेकडच्या आणि मग दक्षिणेकडच्या फड्या निवडुंगाच्या एका जातीची रानेच्या राने फस्त केली. तणाला किड्याने आवर घालण्याचा जगातला हा पहिला ठळक दाखला मानतात. दुसरी जात शिल्लक होती. ती आवरण्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून दुसरा कोचिनिअल किडा दक्षिण भारतात आणला गेला. आपल्या खेड्यांत निवडुंगाला जी तणाची आणि कुंपणाची ओळख चिकटली, ती या इतिहासातून. घरात काटेरी झाड नको म्हणणारी माणसे आजही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मार्च महिन्यात त्यांना फुललेली कुंडी दाखवावी.

स्वातंत्र्यानंतर हौस वाढली. पंचकुला इथे १९८७ मध्ये निवडुंग आणि मांसल वनस्पतींची राष्ट्रीय बाग उभी राहिली. कोल्हापूरचे काम वेगळ्या वाटेने झाले आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्पांचा, वर्षानुवर्षे अभ्यास केला. सह्याद्रीतल्या दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या बागेत वाढवून, त्यांची रोपे तयार करून पुन्हा रानात नेली. कंदीलपुष्प हा निवडुंग नव्हे. पण पाणी साठवून कोरडा काळ काढणारी आपलीही झाडे आहेत. कड्याकपारीतली कंदीलपुष्पे तशी, शिवनेरी-पुरंदरच्या उतारांवरची शिंदळमाकुडी तशी, माळावरचे माकडशिंग तसे. परदेशी निवडुंग जमवणाऱ्याला या आपल्या झाडांची ओळख नसावी, हे मला बरे वाटत नाही. म्हणून या पुस्तकात त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा राखली आहे, मात्र ती ओळखण्यासाठी आणि जपण्यासाठी. रानातून उपटून आणण्याची कृती त्यात सापडणार नाही.

शेतीतही निवडुंग आता परका राहिलेला नाही. ड्रॅगन फ्रूट हे वेलीसारख्या वाढणाऱ्या, रात्री फुलणाऱ्या निवडुंगाचे फळ. जत-आटपाडीच्या कोरडवाहू रानांत त्याच्या सिमेंटच्या खांबांच्या रांगा दिसू लागल्या आहेत आणि बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत त्यावर संशोधन चालते. बिनकाट्याचा फड्या निवडुंग दुष्काळी भागात जनावरांचा चारा म्हणून बायफने पुढे आणला आहे. हा विषय मोठा आहे आणि तो शेतीच्या पुस्तकाचा आहे. इथे ड्रॅगन फ्रूटचा संबंध येतो तो फक्त कलमाचा खुंट म्हणून. त्याच्याच गोतातला तिधारी खुंट आपल्या दमट हवेत जोमाने वाढतो आणि स्वतःच्या मुळांवर पावसाळ्यात हमखास सडणारी एखादी नाजूक जात त्याच्यावर तगून जाते.

आता मूळ मुद्दा, म्हणजे फूल. निवडुंग जगवणे अवघड नाही. वर्षानुवर्षे हिरवी राहिलेली आणि एकदाही न फुललेली झाडे घरोघर आहेत. आपण उसाच्या मुलखातली माणसे. पाणी आणि युरिया दिला की पीक जोर धरते, हे आपल्या हाडीमासी भिनले आहे. तोच हात निवडुंगावर चालवला की झाड फुगते, फिकट पडते, पिल्ले काढत सुटते आणि फुलत नाही. पुष्कळ जातींत कळी धरण्यासाठी झाडाला काही आठवडे कोरडे आणि गार राहावे लागते. दिवाळीनंतर पाणी तोडायचे आणि ते महाशिवरात्रीपर्यंत तोडलेलेच ठेवायचे, हा या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. झाड थोडे आक्रसते, त्याच्या कडा उठून दिसू लागतात, खालचा भाग मातीत किंचित बसतो. बघवत नाही, तरी पाणी घालायचे नाही. अगदी लहान रोपांना मात्र महिन्यातून एखादा घोट द्यावा.

महाशिवरात्रीच्या सुमारास पहिले पाणी. त्यानंतर काय होते ते एकिनॉप्सिसवर फार चांगले बघता येते. आपल्याकडे सर्वांत जास्त घरांत असलेला हा गोल, शिरांचा, पिल्लांनी वेढलेला निवडुंग. पाण्यानंतर काही दिवसांनी त्याच्या वरच्या बाजूच्या जुन्या गादीवर एक करडा ठिपका उठतो. तो भिंगातून बघावा. वर तपकिरी-करडी दाट लोकर असेल तर ती कळी. हिरवा मणी दिसत असेल आणि त्यावर इवले काटे फुटले असतील तर ते पिल्लू. नत्र जास्त झालेल्या झाडावर हे सगळे ठिपके पिल्लेच निघतात. कळी असेल तर ती बरेच दिवस वाटाण्याएवढीच राहते आणि काही घडतच नाही असे वाटते. मग शेवटच्या काही दिवसांत तिचा देठ भराभर लांबतो, वीतभर नळी बाहेर येते, लोकरीतून गुलाबीसर टोक दिसू लागते. एका संध्याकाळी दिवेलागणीला पाकळ्या सुटू लागतात आणि रात्री कर्ण्यासारखे, झाडाहूनही मोठे वाटणारे फूल पूर्ण उमललेले असते. त्याला मंद वास असतो. त्याच्या देशी रात्री उडणारे पतंग त्या वासावर येतात. दुसऱ्या दिवशी ऊन चढले की ते मिटते. चांगल्या भरलेल्या कुंडीत अशा कळ्यांचे दोन-तीन बार पाडव्यापासून मृगापर्यंत येतात.

मॅमिलेरियाचे फुलणे अगदी निराळे. त्याच्या अंगावर शिरा नसतात, उंचवटे असतात, आणि फुले त्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून, गेल्या हंगामात वाढलेल्या भागावर, डोक्याभोवती कडे धरून येतात. म्हणजे यंदाची फुले गेल्या वर्षीच्या वाढीवर अवलंबून असतात. गणपतीनंतरचे दोन महिने ज्याने झाडाला नीट वाढू दिले नाही, त्याने हिवाळ्यात कितीही काटेकोर उपास घडवला तरी ते कडे अर्धवटच राहते.

म्हणून या पुस्तकाचे वेळापत्रक इंग्रजी महिन्यांवर बांधलेले नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने मराठी वाचकाला चैत्रापासून फाल्गुनापर्यंत निसर्ग वाचायला शिकवले आणि आपला शेतकरी तर पाऊस नक्षत्रावरच मोजतो. तीच मोजणी इथे घेतली आहे, कारण ती आपल्या हवेत बसते. मृगाच्या आधी, वळीव सुरू असतानाच, झाडांवर पारदर्शक छप्पर असले पाहिजे: पॉलिकार्बोनेटचा पत्रा किंवा जाड प्लास्टिक, चारी बाजूंनी उघडे. बाजू बंद केल्या की आत वाफ कोंडते आणि ती पावसाहून घातक ठरते. आर्द्रा ते आश्लेषा या काळात पाणी जवळजवळ बंद. तेव्हा त्रास पाण्याचा जेवढा, तेवढाच उजेडाचा. सूर्य आठवडा-आठवडा दिसत नाही आणि झाड उजेड शोधत लांबट, फिकट होते. अशा वेळी खत दिले तर ते आणखी बिघडते. पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत ऊन-पाऊस आलटून पालटून येऊ लागला की वाढीचा दुसरा हंगाम उघडतो आणि स्वातीपर्यंत चालतो. त्यातच ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका असतो. चार महिने मऊ पडलेले झाड एकदम त्या उन्हात नेले तर एका दुपारीत त्याच्या अंगावर पिवळट-पांढरा डाग पडतो आणि तो जन्मभर जात नाही. म्हणून हिरव्या शेडनेटखालून त्याला हळूहळू बाहेर काढायचे.

माती हा दुसरा महत्त्वाचा मुद्दा. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते, तेच उसासाठी तिचे मोठेपण. निवडुंगाच्या कुंडीत ती मूठभरही नको. चाळलेले विटेचे तुकडे, जाड रेती किंवा खडीच्या क्रशरवरची धूळ धुऊन काढलेली कच, थोडा कोळसा, आणि एकूण मापाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढे जुने पालापाचोळ्याचे खत, एवढ्यावर भागते. वरून पाणी ओतले की ते लगेच खालच्या भोकातून आले पाहिजे. कुरिअरने आलेले झाड बहुधा कोकोपीटमध्ये असते. ते मुळांवरून बोटांनी, ब्रशने, सगळे काढून टाकावे. त्याच वेळी मुळांवर पिठासारखे पांढरे काही दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. मुळे धुवावीत, रोगट भाग कापावा, झाड सावलीत आठवडाभर उघडेच वाळू द्यावे आणि मग कोरड्या मिश्रणात लावावे. कापलेले पिल्लूही असेच, जखमेवर खपली धरल्यावरच लावायचे. बोअरच्या जड पाण्याने मातीवर आणि झाडाच्या बुडाशी पांढरा थर चढतो. पावसाचे पाणी आपल्याला भरपूर मिळते. ते ड्रममध्ये झाकून ठेवले तर शिमग्यातल्या कळ्यांना त्याच्यासारखे पाणी नाही. खताच्या दुकानात मिळणारे ‘शून्य-बावन्न-चौतीस’ लिटरला अर्धा ग्रॅम, फाल्गुनात दोनदा. यापलीकडे बहुतेकांना काही लागत नाही.

झाड निवडताना ते कुठले आहे हे आधी विचारावे. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या गवताळ टेकड्यांवर पाऊस कोल्हापूर शहराएवढा किंवा जास्तही पडतो. तिथले पारोडिया आणि एकिनॉप्सिस आपल्याकडे लवकर रमतात. अर्जेंटिना-पॅराग्वेचे जिम्नोकॅलिसियम झुडपांच्या आडोशाला वाढते, त्यामुळे अर्धा दिवस ऊन येणाऱ्या बाल्कनीतही ते फुलते. त्याच्या कळीवर ना लोकर ना काटा. गुळगुळीत, खवल्यांची, देखणी कळी. मेक्सिकोचे मॅमिलेरिया आणि अ‍ॅस्ट्रोफायटम छपराखाली चांगले होतात. अँडीजच्या उंचीवरचे रेबुशिया मात्र आपल्या उबदार रात्रींना कंटाळते, आणि चिलीच्या किनाऱ्यावर धुक्यावर जगणारा कोपियापोआ इथे वाढवण्याचा हट्ट धरू नये. गोल्डन बॅरल सगळ्यांना हवा असतो. तो लावावा, पण फुलाच्या आशेने नव्हे. फुलायला त्याला फूटभर रुंदी गाठावी लागते आणि त्यात वर्षांमागून वर्षे जातात.

कोपियापोआचे नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवे. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी चिलीच्या वाळवंटातून चोरून आणलेले हजारावर निवडुंग एका घरातून जप्त केले. त्यातली काही झाडे शेकडो वर्षांची असावीत, असा अंदाज होता. पुढच्या वर्षी त्यातली आठशेहून अधिक झाडे चिलीला परत पाठवली गेली. २०१५ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या पाहणीत निवडुंगाच्या ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले आणि त्यामागे शौकिनांची खरेदी हे एक मोठे कारण निघाले. ज्या गोल्डन बॅरलची लाखो रोपे जगभरच्या नर्सऱ्यांत आहेत, त्याच्या रानातल्या वस्तीचा मोठा भाग मेक्सिकोत १९९० च्या दशकात झिमापान धरणाने गिळला. निवडुंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराची बंधने आहेत आणि भारत १९७६ पासून त्यात सामील आहे. मोबाइलवर घरबसल्या झाड मागवण्याच्या या दिवसांत हे ठाऊक असणे आवश्यक आहे. काट्यांची टोके झिजलेले, बुडाशी वाळकी साल आलेले, ओबडधोबड मोठे झाड कुणी परदेशातून स्वस्तात देऊ करत असेल, तर ते घेऊ नये. बियांपासून वाढवलेले झाड घ्यावे, त्याहून बरे म्हणजे बीच घ्यावे. जिम्नोकॅलिसियम आणि अ‍ॅस्ट्रोफायटमच्या बहुतेक जातींना बी धरायला दोन वेगळी झाडे लागतात. एकाच वेळी फुललेल्या दोघांवर कुंचला फिरवला की काम होते. कोल्हापुरात अशी दोन झाडे बहुधा दोन वेगळ्या घरांत असतात. गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनात जमणाऱ्या मंडळींनी फुलांच्या हंगामात एकमेकांकडे परागकण नेण्याची प्रथा पाडली, तर काही वर्षांत या गावाला लागणारे बी गावातच तयार होईल.

पुस्तकाची व्याप्ती जाणूनबुजून आवळली आहे. मांसल वनस्पतींचे अफाट जग, अ‍ॅडेनियम, हॉवर्थिया, एकेव्हेरिया, यांचा उल्लेख येतो, तपशील येत नाही. निवडुंगाचे औषधी गुण, घरात तो कुठल्या दिशेला ठेवावा याबद्दलच्या समजुती, दुकानांत गोंदाने चिकटवलेली कोरडी फुले लावून विकले जाणारे गोळे, यांना पाने दिलेली नाहीत. शहराच्या हवेसाठी दिलेली मापे गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याच्या वाचकांनी आहेत तशी घेऊ नयेत. तिकडे छप्पर वैशाखातच चढवावे लागते आणि मिश्रणात पालापाचोळ्याचे खत निम्म्यावर आणावे लागते. शिरोळ-हातकणंगल्याकडच्यांना उलट सप्टेंबरचे पाणी थोडे वाढवता येईल.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पावसाळ्यात झाड विकत घेऊ नये. हस्ताचा पाऊस ओसरला की एक एकिनॉप्सिस आणि एक मॅमिलेरिया आणावा, दोन्ही स्वतःच्या मुळांवरचे, कलम नसलेले. मुळे साफ करून मातीच्या कुंडीत, मुळांच्या गुच्छाहून बोटभरच मोठ्या कुंडीत, लावावेत. आठवडाभर पाणी द्यायचे नाही. तोवर कीड-रोगाची पाने वाचून घ्यावीत आणि कलमांचा भाग पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवावा.

कोल्हापूर